टायमिंग कव्हरचं गॅस्केट तीनदा बदललं तरी ऑइल गळतंय? आधी गॅस्केटला दोष देणं थांबवा

गाडी १९८६ ची अ‍ॅम्बॅसॅडर मार्क फोर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. वडिलांच्या वेळेपासून घरात आहे, आता रविवारपुरती बाहेर निघते. दोन वर्षांत तिचं टायमिंग कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी चेन झाकणाऱ्या झाकणाचं, गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) तीनदा बदलून झालं. दर वेळी तोच प्रकार. आठ-पंधरा दिवस पुढचा भाग कोरडा ठणठणीत, मग पुलीच्या खाली सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेला एक थेंब लोंबकळताना दिसायचा, आणि महिनाभरात पोर्चमधल्या फरशीवर पुन्हा तोच काळा डाग. दुसऱ्या वेळी जाड कॉर्कचं पॅकिंग घातलं. तिसऱ्या वेळी मेकॅनिकने पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापून दिलं आणि म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको." दहा दिवस बघायला लागलं नाही, इतकंच.

चौथ्यांदा मी स्वतः उघडायला बसलो तेव्हा गॅस्केट अख्खं निघालं. कुठे फाटलेलं नाही, कुठे दबून बाहेर आलेलं नाही. चांगल्या गॅस्केटमधून ऑइल येत असेल तर एक तर ते तिथून येतच नाही, नाहीतर त्याला आतून कोणीतरी ढकलतंय. माझ्या गाडीत दोन्ही निघालं. ज्यांच्या घरी जुनी अ‍ॅम्बॅसॅडर आहे त्यांना थेट उपयोग होईल, बाकीच्यांना निदान शोधायची पद्धत तरी कळेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

हे इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं, मॉरिस ऑक्सफर्डबरोबर हिंदुस्तान मोटर्सकडे बंगालमधल्या उत्तरपाऱ्याला आलेलं. एमजीबी ही स्पोर्ट्स कार याच घराण्याच्या मोठ्या इंजिनावर चालते. याचा फायदा असा की टायमिंग कव्हरच्या कामासाठी एमजीबीचं वर्कशॉप मॅन्युअल बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. आणि पुढून ऑइल गळण्याचं दुखणंही तिकडच्या लोकांना तितकंच पाठ आहे.

आधी रचना. ब्लॉकच्या तोंडावर एक कागदी गॅस्केट, त्यावर पोलादी फ्रंट प्लेट, त्यावर दुसरं गॅस्केट, आणि मग पत्र्याचं दाबून केलेलं टायमिंग कव्हर. कव्हरच्या मधोमध गोल ऑइल सील, त्यातून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीची नळी फिरते. सीलच्या आत, पुलीच्या मागे, बशीसारखी एक चकती असते, तिला ऑइल थ्रोअर म्हणतात. चेनवरून उडालेलं ऑइल सीलवर जाऊ न देता बाजूला फेकणं हे तिचं काम. लक्षात घ्यायचं ते असं की या कव्हरच्या सांध्याला ऑइल पंपाचा दाब अजिबात नसतो. आत फक्त शिंतोडे उडतात आणि खाली सम्पमध्ये ओघळतात. इतक्याशा कामाला साधं कागदी पॅकिंगही वर्षानुवर्षं पुरतं.

गळतंय कुठून ते आधी बघा

अ‍ॅम्बॅसॅडरचा पंखा वारा मागे फेकतो. त्यामुळे पुढे आलेला एक थेंब पाच किलोमीटरमध्ये अख्ख्या इंजिनावर पसरतो, आणि उलट रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कॉर्कमधून ओघळलेलं ऑइल खाली येऊन टायमिंग कव्हरच्या कडेला साठतं. बघणारा कव्हरलाच नाव ठेवतो. बाजूच्या टॅपेट कव्हरांची पॅकिंगं, पेट्रोल पंपाचं पॅकिंग, सम्पची पुढची कड हे सगळे शेजारीही तितकेच बेभरवशाचे.

म्हणून इंजिन थंड असताना पुढचा भाग रॉकेल आणि ब्रशने घासून धुतला, फडक्याने पुसला, रात्रभर वाळू दिला. नंतर टाल्कम पावडर मारायची असं सगळे सांगतात. पंख्यापुढे ती टिकत नाही, पहिल्याच रेसला उडून जाते. मी पांढऱ्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवली आणि पातळ चुन्यासारखी ब्रशने लावली. स्पिरिट उडून जातं, पांढरा थर चिकटून राहतो. हे करताना इंजिन पूर्ण थंड हवं, बॅटरीची तार काढलेली हवी आणि जवळपास कोणी विडी ओढत नसावं.

मग गाडी वीस मिनिटं उभ्या उभ्या चालवली, बंद करून टॉर्च मारला. आणखी दहा किलोमीटर फिरवून पुन्हा टॉर्च. पांढऱ्यावर काळी रेघ कुठून सुरू होते ते बघायचं. ती कुठे संपते याला काही अर्थ नाही, ऑइल शेवटी खालीच जाणार. फ्रंट प्लेटची कड बाजूने बघितली तर तिथे दोन बारीक सांधे दिसतात, जेमतेम प्लेटच्या जाडीइतक्या अंतरावर. पुढच्या सांध्यात ओल असेल तर कव्हरचं गॅस्केट. मागच्या सांध्यात असेल तर प्लेटमागचं गॅस्केट. मग कव्हरचं शंभर वेळा बदला, काही उपयोग नाही. प्लेटमागचं बदलायला कॅमचं गिअर आणि चेन उतरवावी लागते, ते काम वेगळं.

माझ्याकडे दोन्ही सांधे कोरडे होते! वरून रॉकर कव्हरचंही काही आलं नव्हतं. ओली होती ती पुलीच्या नटाभोवतीची वॉशर, आणि सीलच्या खालचा अर्धचंद्र. तीन गॅस्केटं उगाचच गेली म्हणायची. पण मग प्रत्येक वेळी पंधरा दिवस कोरडं का राहायचं? दर वेळी मेकॅनिक गॅस्केटबरोबर सीलही नवीन टाकायचा, आणि ते नवं सील जेमतेम तेवढे दिवस टिकायचं.

आतली हवा

इथे एका जुन्या फिटरचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात पुलीच्या कामाची चौकशी करायला गेलो होतो. लेथवर काम चालू होतं आणि बाजूला बसलेल्या एका मामांनी न विचारता पहिला प्रश्न केला, "मागनं बी गळतंय काय?" मी हो म्हटलं, थोडं गळतं, क्लचच्या हाउसिंगखाली. "मग मालक, गॅस्केट काय करंल बिचारं? आतनं हवा ढकलाय लागलीया. पाइप बघा आधी."

या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदरची वाट ठेवलेली असते. ती वाट तुंबली की आत दाब साठतो, आणि तो जिथे वाट मिळेल तिथून ऑइल बरोबर घेऊन निघतो. या जुन्या बी-सिरीज इंजिनात मागच्या बाजूला रबरी सील नाहीच. क्रँकवर उलट आटे कापलेले असतात आणि ते ऑइल परत आत ओढतात. दाब वाढला की या आट्यांचं काही चालत नाही. म्हणून पुढून आणि मागून एकाच वेळी गळत असेल तर गॅस्केट विकत घ्यायच्या आधी ब्रीदर बघायचा.

माझ्या गाडीत टॅपेटच्या साइड कव्हरवरून निघणारी ब्रीदरची पाइप काढली तर तिच्या तोंडाशी काळा, खरवससारखा थर. आत फुंकर मारली, हवा जाईना. कधीकाळी कोणीतरी धूर येतो म्हणून तिच्यात चिंधीही कोंबलेली होती, तीही निघाली. रॉकर कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी रबरी नळी उकलून चपटी झाली होती. पाइप आणि साइड कव्हर रॉकेलमध्ये एक रात्र बुडवून ठेवलं, तार घालून साफ केलं, नळी नवीन बसवली. खर्च म्हणाल तर नळीपुरता.

हे करायच्या आधी आणि झाल्यावर एक सोपी परीक्षा घेतली. इंजिन गरम, स्लो स्पीडवर चालू, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर वहीचा कागद अलगद ठेवला. ब्रीदर साफ करायच्या आधी कागद थरथरून उडून जात होता. नंतर जागेवर राहिला, नुसता हलत होता. ब्रीदर साफ असूनही कागद उडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्या समजा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरातला दाब मोजणं) करून घ्या. तिथे टायमिंग कव्हरवर पैसे घालवणं म्हणजे छप्पर गळतंय आणि फरशी पुसतोय.

उघडल्यावर काय सापडलं

ब्रीदरनंतर मागची गळती जवळजवळ थांबली. पुढची अर्ध्यावर आली, पण थांबली नाही. मग उघडण्याला पर्याय नव्हता.

रेडिएटर काढला, पंख्याचा पट्टा काढला. पुलीचा मोठा नट म्हणजे ज्यात पूर्वी हँडल अडकवून गाडी चालू करायचे तोच. त्याच्या वॉशरचा एक कान वाकवून नटावर बसवलेला असतो. तो आधी छिन्नीने सरळ करा, नाहीतर पाना घसरून रक्त निघतं. गाडी टॉप गिअरमध्ये, आत एकजण ब्रेकवर पाय रोवून बसलेला, आणि लांब दांडीचा रिंग पाना. सेल्फ मारून नट सैल करायची युक्ती काहीजण सांगतात, ती करू नका. पाना सटकला तर काय होईल त्याचा विचार करा. पुली ओढायला पुलर वापरा. पट्ट्याच्या पातळ कडेला पहार लावली की पुली वाकते आणि मग पट्टा आयुष्यभर नाचतो.

पुली हातात घेऊन तिच्या नळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे नख अडकलं. चाळीस वर्षं एकाच जागी रबर घासून लोखंडाला गोल चर पडला होता. नव्या सीलचा ओठ त्याच चरात बसायचा, थोडे दिवस तग धरायचा आणि मग सोडून द्यायचा. यावर तीन उपाय आहेत. चर अगदी हलका असेल तर सील कव्हरमध्ये एक-दीड मिलिमीटर पुढेमागे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येतो. दुसरा, बाजारात पातळ स्टीलची तयार स्लीव्ह (गोल आवरण) मिळते, ती नळीवर ठोकून बसवायची. तिसरा, लेथवर नळी थोडी उतरवून बाहेरून स्लीव्ह चढवायची आणि मूळ मापाला आणायची. मी तिसरा केला, कारण उद्यमनगर जवळ आहे आणि ते काम करणारे हात तिथे अजून आहेत. टर्नरने शेवटी बारीक पॉलिश पेपर मारून दिला. इथे एक सांगतो, पॉलिशच्या रेषा स्क्रूच्या आट्यासारख्या तिरक्या राहिल्या तर त्याच ऑइल बाहेर आणतात, म्हणून पेपर सरळ, नळीच्या काटकोनात धरायला सांगा.

पण नटाभोवतीच्या ओलीचं उत्तर सीलमध्ये नव्हतं. ते चावीच्या खाचेत होतं. क्रँकशाफ्टला पुली धरून ठेवणारी चावी ज्या खाचेत बसते, ती खाच पुलीच्या आतून सरळ बाहेरपर्यंत जाते. सील पुलीच्या बाहेरच्या अंगाला टेकतं. आतल्या अंगाने, शाफ्ट आणि पुलीच्या मधून, खाचेच्या वाटेने ऑइल नटापर्यंत पोहोचू शकतं आणि वॉशरखालून बाहेर येतं. सील कितीही चांगलं असलं तरी या वाटेला ते आडवंच येत नाही. इलाज हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. पुली चढवताना खाचेत आणि वॉशरच्या मागे सीलंटचं बोट फिरवायचं. तीन वेळा उघडून कोणीही ते केलं नव्हतं, कारण कोणी तिथे बघितलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट थ्रोअर. त्यावर इंग्रजी एफ अक्षर ठोकलेलं असेल तर ते पुढे, म्हणजे इंजिनापासून बाहेरच्या दिशेला यायला हवं. माझ्याकडे ते आत होतं. बशी उलटी, म्हणजे ऑइल सीलपासून दूर फेकण्याऐवजी सीलला आंघोळ. आणखी एक खोड आहे. या घराण्यातल्या जुन्या कव्हरांत फेल्टचं सील होतं, नंतरच्यांत रबरी ओठाचं आलं, आणि त्याबरोबर थ्रोअरही बदलला. कव्हर एका काळातलं आणि थ्रोअर दुसऱ्या काळातला अशी जोडी लावायची नाही. भंगारातून कव्हर आणताना थ्रोअरही त्याच इंजिनाचा आणा.

बसवताना

पत्र्याचं कव्हर जास्त आवळलं की प्रत्येक भोकाभोवती पत्रा आत दबतो. मग पॅकिंगवर फक्त बोल्टजवळ दाब येतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. कव्हर काचेवर उलटं ठेवून बघितलं तर माझ्या कव्हराची भोकं सगळी वाटीसारखी झाली होती. लाकडी ठोकळ्यावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके देत सपाट केली. अर्धा तास गेला. हे न करता जाड कॉर्क घालणं म्हणजे वाकड्या पायाला मोठा बूट.

जुनं सिलिकॉन खरवडताना त्याचे तुकडे आत पडू देऊ नका, सम्पच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा आणि शेवटी आठवणीने काढा. माझ्या कव्हराच्या आतल्या कडेला सिलिकॉनची शेवयांसारखी झालर लोंबत होती. ती तुटून ऑइलच्या जाळीत बसली असती तर गळती परवडली म्हणायची वेळ आली असती. मी साधं कागदी गॅस्केट वापरलं, दोन्ही अंगांना सीलंटचा बोटाने पुसलेला पातळ हात, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कव्हराच्या भोकांत बोल्ट थोडे ढिले असतात, त्यामुळे कव्हर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं. आधी कव्हर आवळून मग पुली घुसवली तर सील एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला सैल पडतं. म्हणून बोल्ट नुसते हाताने लावा, सीलच्या ओठाला ऑइल लावा, पुली फिरवत फिरवत आत सरकवा. पुलीच कव्हराला मधोमध आणते. मग बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा. पाव इंची बोल्टांना ६ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटर, आणि ५/१६ इंचींना १४ फूट-पाउंड, म्हणजे १९ न्यूटन-मीटर. सहा फूट-पाउंड हातात फार कमी वाटतं. आणखी पाव फेरा द्यायचा मोह होतो, तो दिला की पत्रा पुन्हा वाटीसारखा. पुलीच्या नटाला मात्र ७० फूट-पाउंड, आणि वॉशरचा कान परत वाकवायला विसरू नका.

उघडलंच आहे तर चेन किती सैल आहे तेही बघून घ्या. बाकी गिअरांना हात लावायचं कारण नाही.

नवीन गाड्यांबद्दल थोडंसं, कारण हा प्रश्न मला पेट्रोल पंपावरसुद्धा विचारतात. मारुतीच्या के-सिरीज इंजिनासारख्या चेनवाल्या इंजिनात कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गॅस्केटच्या जागी लिक्विड सीलंटची रेघ. तिथे लोखंडी पट्टीने खरवडलं तर ओरखड्यातूनच गळतं, प्लास्टिकची पट्टी घ्या. ब्लॉक, हेड आणि कव्हर तिघं जिथे भेटतात तो कोपरा आधी संशयित. आणि जुन्या मारुती ८०० सारखी पट्ट्याची गाडी असेल तर तिचं टायमिंग कव्हर नुसतं धुळीसाठी असतं, आत ऑइल असायलाच नको. तिथे ओल दिसली की क्रँकचं किंवा कॅमचं सील गेलंय, आणि ऑइल पट्ट्याला लागतंय. ते पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

काम झाल्याला आता साधारण चार हजार किलोमीटर झाले. ऑइल तेच जुनं २०डब्ल्यू-५०. पोर्चमध्ये रोज रात्री पुलीखाली पुठ्ठा ठेवतो आणि सकाळी थेंब मोजतो. पूर्वी एका रात्रीत वीस थेंब व्हायचे. आता पुढच्या पुठ्ठ्यावर काही नाही. मागच्या पुठ्ठ्यावर, क्लच हाउसिंगखाली, लांबच्या फेरीनंतर एखादा थेंब येतो. त्या आट्यांकडून याहून जास्त अपेक्षा नाही, त्यामुळे तो तसाच ठेवलाय.